निळ्या रंगाखालचा पाय

मी शिडी बोलतेय. निळीशार दिसते म्हणून भाळू नका. हा रंग माझा नाही, मला विचारून कुणी दिलेला नाही, आणि त्याच्याखाली काय दडलंय ते सांगायलाच मी तोंड उघडलंय. तोंड म्हणजे तरी काय, शिडीला तोंड कुठलं? चार पाय, दोन्ही बाजूंना पायऱ्या, डोक्यावर बिजागऱ्या आणि मधे साखळी, एवढाच माझा संसार. पण आज मी गप्प राहिले तर कुणाचं तरी कंबरडं माझ्यापायी मोडणार आहे. म्हणून ऐका. मधे बोलू नका, मला घाई आहे.

मला एका सुताराने बनवलं. महा चिडका माणूस. गिऱ्हाइकाला दारात ताटकळत ठेवायचा आणि स्वतः लाकूड उलटंपालटं करून बघत बसायचा. माझ्या पायांसाठी त्याने अशा फळ्या निवडल्या की लाकडाची रेघ वरून जी निघाली ती सरळ खालपर्यंत उतरली पाहिजे. मधे गाठ दिसली की फळी बाजूला. गिऱ्हाईक कुरकुरलं, की हा म्हणायचा, तुला घाई आहे तर बांबू घेऊन जा.

ते गिऱ्हाईक म्हणजे माझा रंगारी. घरं रंगवायचा. तेव्हा तरणाबांड होता, केसांत कायम चुन्याचे शिंतोडे. मला खांद्यावर घेताना सुताराने त्याला बजावलं, हिला जन्मात कधी रंग देऊ नकोस. तेल पाज, हवं तेवढं पाज, पण रंग नको. लाकडाला चीर पडली तर उघड्या लाकडावर दिसते. रंगाखाली दिसत नाही, आणि मग थेट तू खाली दिसतोस.

रंगारी हसला. म्हणाला, लोकांच्या भिंती रंगवतो आणि माझीच शिडी उघडीनागडी? सुतार म्हणाला, उघडीनागडीच. तीच तुझी मालमत्ता.

रंगाऱ्याने शब्द पाळला. पावशेर अळशीचं तेल आणि जुन्या बनियनची चिंधी, हे माझं न्हाणं. आधी पायऱ्या पुसायचा, मग पाय, मग बिजागरीत दोन थेंब. कामावर निघताना माझ्या चारी पायांवर बोटाच्या पेराने टकटक करायचा आणि कान देऊन ऐकायचा. लग्न झाल्यावर त्याची बायको म्हणाली, माझी एवढी विचारपूस करत जा की. तो म्हणाला, तुझ्यावर चढत नाही मी. मग आठ दिवस दोघांचा अबोला.

त्या बाईला मी बाईच म्हणते. लग्नानंतर तीही कामाला येऊ लागली. तो वर, ती खाली, मधे मी. ती एक पाय माझ्या खालच्या पायरीवर रोवून उभी राहायची, हातात बादली. भांडणंही तशीच व्हायची, वरून खाली आणि खालून वर. तो म्हणायचा, बादली वर कर. ती म्हणायची, हात तुझ्या बापाने लांब दिलेत का? पण पाय तिने कधी काढला नाही. भांडताना सुद्धा नाही. मला ते बरं वाटायचं.

माझ्या उंचीमुळे मी माणसांची घरं वरून बघितली. तुम्ही समोरून बघता. पाहुण्यांना दिसतो तेवढा भाग तुम्ही घासूनपुसून ठेवता, पण कपाटाच्या डोक्यावर काय असतं ते मला विचारा. बोटभर धूळ. हरवला म्हणून कामवालीवर आळ घेतलेला चमचा. फुटलेली बरणी, फुटकी बाजू भिंतीकडे करून ठेवलेली. बरणी सगळ्यांच्याच घरात असते, पैसेवाल्यांच्याही. फुटली तर फुटली म्हणून टाकून द्यायचं सोडून ती फिरवून ठेवायची, ही खोड माणसाला कुठून लागते कोण जाणे.

रंगारी म्हातारा झाला, गुडघे बोलू लागले, आणि मागच्या हिवाळ्यात छातीच्या दुखण्याने गेला. अंथरुणात गेला. माझ्यावरून तो कधी पडला नाही. इतक्या वर्षांत कुणीच पडलं नाही. माझी कमाई काय ती एवढीच.

मग माझे दिवस फिरले. बाईने मला मागच्या बोळात उभं केलं आणि पुन्हा माझ्याकडे बघितलं नाही. राग नव्हता तो. मला बघितलं की तिला वर कुणी दिसायचं नाही, म्हणून ती बघत नव्हती. माझ्यावर ओले टॉवेल आले, कांद्याची पिशवी आली. शेजारची मांजर तिसऱ्या पायरीवर बाळंत झाली. मी काही बोलले नाही.

त्यांना एकच लेक. घोडा झालाय आता, माल पोचवायची गाडी चालवतो. स्वभावाने वाईट नाही, पण उरकणारा. जेवण उरकतो, काम उरकतो, बोलणं उरकतो. एकदा कुणाच्या तरी दुकानाचा फलक उतरवायला त्याने मला गाडीच्या टपावर बांधून नेलं. परतताना गाडी मागे घेतली आणि मागचं टोक, म्हणजे माझे पाय, सिमेंटच्या खांबावर आदळले.

तीन पाय वाचले. डावा मागचा फाटला. मोडला असता तर बरं झालं असतं, सगळ्यांना दिसलं असतं. फाटला म्हणजे लाकडाच्या रेघेरेघेने उभा चिरला, दुसऱ्या पायरीपासून चौथीपर्यंत. उभी केली की चीर मिटते. वजन आलं की उघडते.

लेक खाली उतरला. बोट फिरवून बघितलं. त्याचा चेहरा पडला, हे मी त्याच्या बाजूने सांगते. बापाची शिडी होती. घरी आला, मला गुपचूप बोळात ठेवलं, फाटका पाय भिंतीकडे करून. आईला काही बोलला नाही.

पुढे घर सोडायची वेळ आली. मालकाला जागा हवी होती. नवी जागा तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या, जिना असा अरुंद की कपाट सुद्धा तिरकं करून न्यावं लागणार. सामान कमी करायचं ठरलं. लेकाने फोनवर लिलावाचं खातं उघडलं. आता लिलाव म्हणजे हातोडा आपटणारा माणूस आणि आरडाओरडा असं तुम्हाला वाटत असेल तर ते दिवस गेले. आता फोटो टाकायचा, चार ओळी लिहायच्या आणि मुदत लावायची. लोक आपापल्या घरी बसून बोली वाढवतात. माल बघायचा नाही, हात लावायचा नाही. हात लावायचा नाही यातच सगळी मेख आहे.

विकणाऱ्याला त्यात तारे मिळतात. गिऱ्हाईक खूश झालं की पाच, चिडलं की एक. लेकाने बापाची सायकल विकली, पाच तारे. शिलाई मशीन विकली, पाच तारे. कपाट, टेबल, रंगाच्या बादल्या अजून रांगेत होत्या. मग माझी पाळी आली.

बाई त्या दिवशी नव्या जागेच्या फरशा घासायला गेली होती. लेकाने मला उजेडात उभं केलं, फोटो काढला, फोन जवळ नेऊन बघितला आणि तोंड वाकडं केलं. चीर फोटोत दिसत होती. त्याने दुसऱ्या बाजूने काढला. तिकडून मी भिकारडी दिसत होते, टॉवेलांचे डाग, कांद्याची सालं. मग आत गेला आणि बापाच्या सामानातून डिंक आणला, पुट्टी आणली, पॉलिश पेपर आणला आणि कुणाच्या तरी फाटकाला लावून उरलेला निळा ऑइलपेंट आणला.

मी काय करणार? हात ना पाय. पाय आहेत, पण ते चालायचे नाहीत. त्याने चिरेत डिंक ओतला, वर पुट्टी दाबली, घासून सपाट केली. हात बापाचाच होता त्याचा, सफाईदार. आणि मग निळा रंग, एक हात, वाळल्यावर दुसरा. मला आतून गुदमरल्यासारखं झालं. डिंक तर चिरेत वरवरच उतरला होता, आत सगळी पोकळी तशीच. पण बाहेरून बघाल तर नवी नवरी.

त्याने नवा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, मजबूत जुनी लाकडी शिडी, नुकताच रंग दिलेला. आणि शेवटी एक ओळ, जशी आहे तशी विकली जाईल. ही ओळ माणसांनी काय शोधून काढलीय. कशी आहे ते सांगायचं नाही, आणि नंतर कुणी गळा धरलाच तर म्हणायचं, लिहिलं होतं की.

त्याने माझ्यावर चादर टाकली. बाईने विचारलं नाही. शिडी लिलावाला लावली एवढं त्याने सांगितलं, ती बरं म्हणाली आणि भांडी घासायला बसली.

बोली चढू लागल्या. आणि मग तिचा प्रश्न आला.

ती म्हणजे पाट्या रंगवणारी एक बाई. दुकानांच्या, शाळांच्या, दवाखान्यांच्या पाट्या. मी तिला पाटीवाली म्हणते. लिलावात फोटोच्या खाली प्रश्न विचारायची जागा असते. तिथे तिने लिहिलं, आणि लेकाने ते मोठ्याने वाचलं म्हणून मला कळलं. पायाला कुठे तडा, जोड, पट्टी आहे का? मी एका हातात ब्रश आणि दुसऱ्या हातात ब्रशचा हात टेकवायची काठी धरून काम करते. शिडीला धरायला माझा हात मोकळा नसतो. म्हणून विचारते.

लेकाने डोकं खाजवलं. मग लिहिलं, एकदम ओके आहे, ताई.

ताई म्हणाला तिला.

तेव्हापासून मला दुसरं काही सुचेना. चादरीखाली मी तिचाच विचार करत होते. कशी असेल, जाड असेल की बारीक, चष्मा असेल का, तिची वाट बघणारं घरी कुणी असेल का. वरच्या पायरीवर उभी राहून ती शाळेच्या नावाचं पहिलं अक्षर काढेल, जरा मागे झुकून बघेल, कारण अक्षर काढणारं माणूस मागे झुकून बघतंच. सगळं वजन डाव्या मागच्या पायावर येईल. आणि तिला धरायला काहीच नसेल. ब्रश धरून माणूस वाचत नाही.

तिचीच बोली सगळ्यांत वर होती. संध्याकाळी मुदत संपणार होती.

दुपारी जेवताना लेकाने आईला बोली वाचून दाखवल्या. एका पाट्या रंगवणाऱ्या बाईची सगळ्यात वर आहे, म्हणाला. बाई कितीतरी दिवसांनी खुलली. म्हणाली, बाई आहे? ब्रशचं काम करते? मग तिलाच मिळू दे. आणि जेवण अर्धं टाकून उठली. जाण्याआधी तेल पाजते तिला म्हणाली, असं कोरडं कसं पाठवायचं.

लेक म्हणाला, राहू दे ना, आई. पण ती तेलाची बाटली आणि चिंधी घेऊन बोळात आलीसुद्धा. चादर ओढली.

ती काही क्षण बोललीच नाही. मी तिला इतक्या वर्षांत गप्प बघितलेलं नाही, रंगारी गेला तेव्हाही ती डॉक्टरला बोलत होती.

"हिला रंग कुणी दिला?"

लेक दारात येऊन उभा राहिला. फोटोत बरी दिसते म्हणून, म्हणाला.

"तू रंगाऱ्याचा पोर. शिडीला रंग कधी देतात ते तुला ठाऊक आहे."

तो म्हणाला, जुनी दिसत होती गं. तिने ऐकलंच नाही. ती वाकली आणि माझ्या पायांवर पेराने टकटक करू लागली. पहिला, दुसरा, तिसरा. चौथ्यावर आली तेव्हा मी सगळा जीव गोळा केला. भद्द आवाज आला, ओल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखा. तिने पुन्हा वाजवलं. आत जाऊन पुट्टीची पत्ती आणली आणि निळा रंग खरवडायला बसली. रंग सुटला, पुट्टी सुटली, आणि चीर उघडी पडली. काय हायसं वाटलं मला. दुखण्याला वारा लागला.

मग सगळं बाहेर आलं, गाडी, खांब, डिंक, पाटीवालीला दिलेलं उत्तर, सगळं. तो उरकत उरकत सांगत होता आणि ती त्याला प्रत्येक वाक्याला थांबवत होती. शेवटी म्हणाली, लिलाव बंद कर.

बंद होत नव्हता. शेवटच्या दिवशी विकणाऱ्याला माल मागे घेता येत नाही, असा तिथला नियम. नाहीतर बोली कमी आली की जो तो माल मागे घेईल. फार तर माहितीत भर घालता येते, म्हणाला तो. आणि भर घातली की बोली उतरणार, लोक चिडणार, तारे जाणार, मग कपाट कोण घेणार, टेबल कोण घेणार, चार दिवसांत जागा मोकळी करायची आहे हे तरी ध्यानात आहे का तुझ्या? खाली लिहिलंय ना, जशी आहे तशी.

"कशी आहे ते लिही," बाई म्हणाली. "मी सांगते तसं लिही."

आणि तिने सांगितलं. शिडीचा डावा मागचा पाय उभा फाटलेला आहे. पुट्टी आणि रंग लावून तो झाकला होता. तडा नाही असं आम्ही खोटं सांगितलं. ह्या शिडीवर कुणीही चढू नये.

लेकाने फोनवर बोटं चालवली. मग वाचून दाखवलं, शब्द न शब्द तिचाच. बाईने मान हलवली.

पण मी त्याच्या पाठीमागे उभी होते. माझी उंची त्याच्यापेक्षा जास्त. फोनवर त्याने लिहिलं होतं, डाव्या पायावर किरकोळ रेघ आहे, वापराला अडचण नाही.

तुम्हाला कधी असं झालंय का, की आग लागलीय, तुम्हाला दिसतेय आणि घशातून आवाज निघत नाही? मी साखळी हलवायला बघितली, हलली नाही. वाऱ्याची झुळूक येईल, मी आडवी होईन, त्याच्या डोक्यात पडेन, काहीतरी होईल म्हणून वाट बघितली. बोळात वारा नव्हता. त्याचा अंगठा पाठवायच्या खुणेवर गेला.

बाई म्हणाली, दाखव.

ती चारच इयत्ता शिकलेली. वाचते, पण अक्षराखाली बोट धरून, ओठ हलवत. लेक म्हणाला, अक्षर बारीक आहे, तुला दिसायचं नाही. तिने फोन काढून घेतला. कि-र-को-ळ, ती वाचू लागली. मी त्या बोटाकडे बघत होते. रेघ शब्दापाशी ते थांबलं.

तिने आरडाओरडा केला नाही. फोन बोळातल्या कट्ट्यावर ठेवला. मला ओढून मधोमध आणलं, पाय फाकवले, साखळी ताणली. म्हणाली, किरकोळ आहे ना? चढ.

तो म्हणाला, आई, काहीतरीच काय.

"चढ. अगदी वर जा आणि दोन्ही हात सोडून उभा राहा. राहिलास तर लिहिलंयस ते पाठव, मी एक शब्द बोलणार नाही."

तो चढला. रागाने चढला. पहिली पायरी. दुसरी. तिसरीवर त्याचं वजन आलं आणि माझी चीर उघडली. मी कण्हले, कसं नाही कण्हणार, आणि चिरेतला डिंक काचेसारखा तडतडला. लहानपणी बापाला कवटाळायचा तसं त्याने मला दोन्ही हातांनी कवटाळलं. बाई खाली होती, पण तिने मला धरलेलं नव्हतं. हात बाजूला ठेवून उभी होती. तिचा चेहरा मला दिसत होता, पांढराफटक. लेकाला तो दिसत नव्हता.

"सोड हात," ती म्हणाली.

त्याने सोडले नाहीत. एक एक पायरी चाचपत उतरला आणि जमिनीवरच बसला. मग म्हणाला, बाबांची होती, म्हणून सांगायची हिंमत झाली नाही.

"बाबा गेले," बाई म्हणाली. "ती पाट्या रंगवणारी अजून आहे."

मग त्याने लिहिलं. या वेळी आईने सांगितलं तसंच, आणि खरवडलेल्या पायाचा फोटो जोडला. खाली पाटीवालीच्या नावाने वेगळं लिहिलं, की ताई, तुम्ही नेमकं विचारलं होतं आणि मी खोटं बोललो. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

तिचं उत्तर लगेच आलं. म्हणाली, मी बोली मागे घेतेय. तुमचा राग आलाय, पण सांगितलंत ते बरं झालं. ती शिडी मोडून टाका. बाकीच्यांनीही हात काढून घेतले. एकाने शिव्या घातल्या, त्या लेकाने आईला वाचून दाखवल्या नाहीत, ती बात वेगळी.

मला वाटलं, सुटले. बाई ओट्यावर टेकली, लेकाने तिला पाणी दिलं. आणि फोन पुन्हा वाजला.

एक जण उरला होता. स्वस्तात मस्त नावाने बोली लावणारा, जुना माल घेऊन विकणारा कुणीतरी. त्याने लिहिलं, चालेल, पुट्टी मारून घेऊ. आणि त्याच्या पडेल बोलीवर मुदत संपली. मी त्याची झाले. सकाळी गाडी घेऊन येतो म्हणाला.

लेक म्हणाला, आपण खरं ते सांगितलं. त्याने वाचून घेतलं. आता जबाबदारी त्याची. तसं बघितलं तर त्याचं चुकत नव्हतं. बाईही आधी हो म्हणाली. मग म्हणाली, तो स्वतः चढणार आहे का?

नाही, विकणार.

"ज्याला विकेल त्याला सांगेल?"

लेकाने फोन पालथा घातला. मी सगळं समजून चुकले. पुन्हा डिंक, पुन्हा पुट्टी, या वेळी कदाचित हिरवा रंग. पुन्हा फोटो. आणि खाली पुन्हा तीच ओळ. कुठल्यातरी गावात कुणीतरी विचारेल, तडा आहे का, आणि त्या घरात ही बाई नसेल.

आता सकाळ झाली आहे. हे सगळं मी तुम्हाला सांगतेय ते बोळातूनच. गेला अर्धा तास बाई माझ्यासमोर करवत घेऊन बसलीय. मला आडवी केलंय. तिने दात पायाला लावले आणि काढले. पुन्हा लावले, पुन्हा काढले. सगळ्या जगाला सरळ करणारी ही बाई, तिचा हात चालत नाहीये. एकदा तिने चिंधीने माझी पायरी पुसली. कशाला पुसतेस गं बाई? वेळ कुठेय? रडायचं असेल तर नंतर रड, तुकड्यांवर डोकं ठेवून रड, पण आधी काप.

लेक दारात उभा आहे. मघाशी तो तिला म्हणाला, ती विकली गेलीय, आई. आता मोडलीस तर माझं खातंच बंद करतील. कपाट, टेबल, सगळं अंगावर पडेल. हे खरं आहे. तो घाबरलाय तेही खोटं नाही. बाईची बोलायची ताकद काल संपली.

गाडीचा हॉर्न वाजला. ऐकलात ना? आला तो. बाहेर दार आपटलं. आता पावलं वाजतायत. बाई, उठ. हात जड झाला असेल तर डोळे मिट, पण ओढ. मी तुझ्या नवऱ्याला इतकी वर्षं डोक्यावर घेतलं, त्याची काही किंमत मागितली नाही. आज मागते. मला मार. मी उभी राहिले तर कुणाला तरी मारीन.

दारावर थाप पडली. बाई तशीच बसलीय, करवत मांडीवर.

लेक पुढे आला. त्याने तिच्या हातातून करवत घेतली. माझ्या उजव्या पायावर गुडघा टेकला, चांगल्या पायावर, ज्याच्या भरवशावर कुणी मला जोडून पुन्हा उभं करू शकलं असतं, आणि ओढायला लागला. फाटका पाय त्याने आधी घेतला नाही. शहाणा आहे. निळा भुसा पडतोय, त्याच्याखाली पिवळा, माझा खरा.

पुन्हा थाप पडली. आता बाई उठली. डोळे पदराला पुसून दार उघडलं. मला इथून तिची पाठ तेवढी दिसतेय. तो माणूस म्हणतोय, शिडी न्यायला आलोय. आणि बाईचा आवाज जाग्यावर आलाय.

"थांबा जरा," ती सांगतेय त्याला. "तुमची शिडी कापतोय."

तो ओरडतोय. एक तारा, खातं बंद, तक्रार, जे काय म्हणायचं ते म्हणतोय. लेक मान वर करत नाही. या पोराने आयुष्यात पहिल्यांदा एखादं काम न उरकता चालवलंय.

माझ्याकडे फार थोडा वेळ आहे, तेव्हा तुम्हाला एवढंच मागते. तुमच्याही घरात विकायला काढलेलं काहीतरी असेल. फोटो चांगला काढा, हरकत नाही. पण पलीकडे बसलेल्याला हात लावून बघता येत नाही, त्याचा हात तुम्ही व्हा. कुठे दुखतंय ते तुम्हाला ठाऊक आहे, ते लिहा. त्याने विचारायची वाट बघू नका. आणि एवढं लिहूनही कुणी म्हणालं, की चालेल, झाकून पुढे ढकलू, तर वस्तूवर दया करा आणि ती मोडून टाका.

एक पाय गेला. लेकाने घाम पुसला आणि दुसऱ्याला हात घातला. दुखत नाहीये, खरंच सांगते. हळू नको रे बाळा, जोरात ओढ. पाटीवाली कुठेतरी आता आपले ब्रश धूत असेल. तिला मी कधी बघितलं नाही, आणि आता बघणारही नाही. बरं झालं.